उलटं चालणाऱ्याचं काम

पंतप्रधान आमच्या कारखान्यात उद्घाटनाला येणार असं कळलं, तेव्हा मी विचारलं, कशाचं उद्घाटन? कारखाना तर माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे. मग कळलं की मागच्या अंगाला जे नवं दालन बांधलंय, त्याचं. आता आम्ही पूर्वीच्या दुप्पट पाय बनवू शकणार होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. युद्धात पोरांचे पाय तुटणं थांबवायचं सोडून ह्या माणसाने पाय बनवायची जागा वाढवली, आणि वर फीत कापायला स्वतः येणार, हसतमुखाने! आम्ही टाळ्या वाजवायच्या.

आम्ही कृत्रिम पाय बनवतो. हातही बनवतो, पण पाय जास्त. युद्धाच्या आधी आमच्याकडे यंत्रात पाय अडकलेले, साखरेच्या आजाराने पाय गेलेले, गाडीखाली आलेले, असे सगळ्या वयांचे लोक यायचे. आता येतात ते सगळे एकाच वयाचे. उरलेल्या मांडीवर प्लास्टर लावून साचा घेणारा आमचा जुना कारागीर आहे, त्याला सगळे साचेवालाच म्हणतात. तो म्हणतो, "ताई, शाळेच्या सहलीला आल्यासारखी येतात पोरं." त्याच्या विनोदांना आता कुणी हसत नाही, तरी तो करतच राहतो. त्याला दुसरं काही सुचत नसावं.

युद्ध कशासाठी चाललंय हे सुरुवातीला सगळ्यांना माहीत होतं, आता एकाच माणसाला माहीत आहे. सरहद्दीवर एक टेकडी आहे. पहिल्या मोहिमेत आपल्या पोरांनी ती घेतली आणि वर रसद पोचेना म्हणून सोडली. दुसऱ्या मोहिमेत परत घेतली, परत सोडली. सेनापती म्हणाले, ही टेकडी राखता येणार नाही. सेनापती बदलले. अर्थमंत्री म्हणाले, झेपणार नाही. अर्थमंत्रीही बदलले. मोर्चे निघाले, तर मोर्च्यांचा रस्ता बदलला. बदलला नाही तो एकच माणूस. दर भाषणात उजव्या हाताचं बोट वर करायचं आणि म्हणायचं, "आता थोडंच राहिलंय. मी मागे हटणार नाही." त्या बोटाला सगळा देश इतका कंटाळला होता की आमचा दूधवालासुद्धा सकाळी विचारायचा, "काल बोट बघितलंत का?"

आणि आता तिसरी मोहीम. त्याच टेकडीसाठी.

मला दोन मुलगे. त्यांचे वडील धाकटा शाळेत असतानाच गेले. थोरला दुसऱ्या मोहिमेत त्या टेकडीवर डावा पाय गुडघ्याच्या वरपासून ठेवून आला. त्याचा नवा पाय मीच बनवला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. धाकटा छावणीत होता, तिसऱ्या मोहिमेच्या तुकडीत त्याचं नाव लागलं होतं. संसदेने मोहिमेला मंजुरी दिली की तुकडी निघणार. सत्ताधारी पक्षातलेच बरेच जण चुळबुळत होते, पण हात वर करायची वेळ आली की ह्या लोकांचे हात कसे आपोआप वर जातात ते आम्ही दोनदा बघितलं होतं. मतदान उद्घाटनानंतर लगेचच होतं. म्हणजे आमच्या कारखान्यात फीत कापून, चार जखमी पोरांच्या खांद्यावर हात ठेवून, ते सगळं टीव्हीवर दाखवून हा माणूस संसदेत जाणार होता माझा दुसरा मुलगा मागायला.

तयारीसाठी त्यांच्या कार्यालयातून एक तरुण आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन, आणि बोलणं असं की जणू आपल्या घरचंच कार्य आहे. आम्ही त्याला प्रसिद्धीवाला म्हणायला लागलो. त्याची कल्पना अशी की मखमलीच्या तबकात एक पाय ठेवायचा, साहेबांनी तो उचलून सैनिकाच्या हातात द्यायचा, की झालं.

"हा काय चषक आहे का?" मी म्हटलं. "आमच्याकडे पाय हातात देत नाहीत. चालवून देतात."

मग त्याला आमची रीत समजावून सांगितली. दोन समांतर लोखंडी कठडे आहेत, त्यांना धरून माणूस आधी चालतो. कठडे संपले की मोकळी फरशी, आणि मग दारापर्यंत उतार. उतार मुद्दाम केलेला आहे, कारण बाहेर सगळे रस्ते काही सपाट नसतात. कठडे सुटले की ज्याने पाय बनवला तो समोर उभा राहतो, चालणाऱ्याच्या कोपरांखाली हात धरतो आणि त्याच्या तोंडाकडे बघत उलटं चालत जातो, थेट दारापर्यंत. चालणाऱ्याने खाली पायाकडे बघायचं नाही. बघितलं की तोल गेलाच. म्हणून त्याला बोलतं ठेवायचं, काहीही बोलत राहायचं, शेजाऱ्याच्या कुत्र्यापासून लग्नापर्यंत. आणि धरणाऱ्याची पाठ दाराला लागेपर्यंत हात सोडायचा नाही. दुसरा कुठला नियम मोडला तरी चालतो, हा नाही.

प्रसिद्धीवाला खूशच झाला. "म्हणजे साहेब त्याचे हात धरून त्याला चालवणार? वा! हे तर फारच छान दिसेल!"

"उलटं चालावं लागेल," साचेवाला म्हणाला. "साहेब मागे हटत नाहीत ना? बघा बुवा."

प्रसिद्धीवाला लहान मुलाच्या बोलण्यावर हसावं तसा हसला. त्याच्या डोक्यात प्रकाश पडलाच नाही. शिकलासवरलेला माणूस, दिवसभर हेच काम करतो, पण त्याला फक्त हात धरलेले दिसत होते. त्यातच त्याला कळलं की थोरला माझा मुलगा आहे, आणि मग तर विचारूच नका. "आईने मुलाचा पाय घडवला, आणि राष्ट्राच्या पित्याने त्याला चालवलं!" असं तो फोनवर कुणाला तरी सांगत होता. माझ्यासमोर. माझ्या मुलाचा बाप वारलाय हे त्याला आधी विचारायचं तरी.

घरी आल्यावर मी थोरल्याला म्हटलं, "तू नाही म्हण. पाय दुखतोय म्हण, ताप आलाय म्हण."

"मी येणार," तो म्हणाला. "मला बोलायचंय त्याच्याशी."

"काय बोलणार आहेस तू?"

"चालताना बोलायचंच असतं ना? तुझाच नियम."

मी त्याच्यासमोर बसले आणि अक्षरशः हात जोडले. म्हटलं, बोलायचंच असेल तर एकच बोल. सांग, आमच्या घरातून एक पाय गेलाय, आता धाकट्याला तरी सोडा. चारचौघांत मागितलं तर नाही म्हणता येणार नाही त्यांना.

"आणि मग दुसऱ्या कुणाच्या धाकट्याला नेतील," तो म्हणाला.

मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू. बरोबर बोलत होता म्हणून जास्तच आला. दुसऱ्याचा धाकटा मला दिसत नव्हता, माझा दिसत होता. मी भांडी घासायला उठले आणि ती इतकी आपटली की शेजारीण डोकावून गेली.

उद्घाटनाच्या दिवशी पंतप्रधान उशिरा आले. ते नेहमीच उशिरा येतात. तोपर्यंत प्रसिद्धीवाल्याने पोरांना ओळीत उभं करून ठेवलं होतं. मी दोनदा सांगितलं, ह्यांना बसू द्या, मांडीला रग लागते, पण त्याला म्हणे ओळ सरळ हवी होती. शेवटी मोटारी आल्या, फीत कापली, नव्या दालनात सगळे फिरले. रिकामी टेबलं, नवी यंत्रं, अजून न लागलेले पाय टांगायच्या रांगाच्या रांगा खुंट्या. पंतप्रधानांनी एका खुंटीला हात लावून बघितला आणि म्हणाले, "उत्तम. भविष्याचा विचार केलेला आहे." साचेवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

मग कठड्यांपाशी आलो. कॅमेरे लागले. सगळं थेट दाखवत होते. मी त्यांना शिकवायला पुढे झाले.

"साहेब, हात इथे, कोपराखाली. त्याच्या तोंडाकडे बघायचं. तो बोलेल, तुम्ही बोलायचं. उतार लागला की तो वजन टाकेल, तेव्हा पाय रोवून उभं राहायचं. आणि काही झालं तरी हात सोडायचा नाही."

ते हसले. जवळून बघितलं तर माणूस थकलेला वाटत होता, डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. क्षणभर वाटलं, ह्यालाही झोप लागत नसेल का? "बाई," ते म्हणाले, "मी धरलेलं सोडत नाही, हे सगळ्या देशाला माहीत आहे."

मी नेहमी बाजूला हाताच्या अंतरावर राहते, कुणी शिकाऊ धरत असेल तर. तशीच उभी राहिले. प्रसिद्धीवाल्याने माझ्या दंडाला धरलं. "ताई, जरा मागे, तुमची सावली पडतेय त्यांच्यावर." आणि मी मागे झाले. का झाले? आजही स्वतःला विचारते. माझ्या जागेवरून मला कुणी कधी हटवलं नव्हतं.

थोरला कठडे धरून व्यवस्थित चालत आला. मग कठडे सोडले, आणि पंतप्रधानांनी त्याचे हात धरले. टाळ्या झाल्या. दोघं निघाले, एक सरळ, एक उलटा.

"कसं वाटतंय, जवान?" पंतप्रधानांनी विचारलं.

"बरं वाटतंय, साहेब. तुम्ही ती टेकडी बघितलीय का?"

"नकाशावर रोज बघतो."

"वर पाणी नाही, साहेब. खालून आणावं लागतं. आणणारे परत येत नाहीत."

"तुमच्या शौर्याची देशाला जाणीव आहे."

"हो साहेब. आम्ही ती दोनदा घेतली. दोनदा घेतल्यावर करायचं काय, ते कुणी सांगितलंच नव्हतं. आता तिसऱ्यांदा घेतल्यावर काय करायचंय?"

थोरल्याचा आवाज अगदी साधा होता. दुकानात भाव विचारावा तसा. त्याने एकदाही खाली बघितलं नाही, शिकवल्याप्रमाणे त्यांच्या डोळ्यांकडे बघत होता. पंतप्रधानांना मात्र दुसरीकडे बघता येईना, कारण उलटं चालणाऱ्याने नजर हलवली की त्याचाच तोल जातो. आयुष्यात पहिल्यांदा ते अशा ठिकाणी सापडले होते की जिथे प्रश्न विचारणाऱ्याकडे पाठ फिरवता येत नाही. प्रसिद्धीवाला कॅमेऱ्याच्या मागून हातवारे करत होता. थांबवा म्हणून की चालू ठेवा म्हणून, त्यालाच कळत नसावं.

"तिसरी मोहीम निर्णायक आहे," पंतप्रधान म्हणाले.

"दुसरीच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात, साहेब. भरतीच्या दिवशी मी शाळेच्या मैदानात उभा राहून ऐकलं होतं." तेवढ्यात उतार लागला. थोरला पुढे झुकला, त्याचं वजन त्यांच्या हातांवर गेलं. "जुन्या सेनापतींनी तुम्हाला सांगितलं होतं, ती टेकडी राखता येत नाही. तरी आम्हाला पाठवलंत. तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं, तेवढंच सांगा. मला रागवायचं नाहीये. मला फक्त माहीत करून घ्यायचंय."

पंतप्रधानांचा चेहरा लाल झाला. मला तो चेहरा माहीत होता, सगळ्या देशाला माहीत होता. आता काय येणार तेही माहीत होतं. मी पुढे धावले, पण मधे तारा होत्या, दिव्यांचे खांब होते, आणि प्रसिद्धीवाला होता.

"ऐक," ते म्हणाले, "मी मागे हटणार नाही!" आणि बोट वर केलं.

बोट वर करायला हात लागतो.

थोरला तोंडावर पडला. फरशीवर हनुवटी आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, आणि नंतर टीव्हीवर देशाने ऐकला, परत परत. पंतप्रधान बोट वर धरून वाक्य पुरं करत होते. त्यांचं वाक्य पुरं झालं, मगच त्यांनी खाली बघितलं.

"काय झालं?" ते म्हणाले. मग लगेच, "पायात काहीतरी बिघाड दिसतोय."

मी थोरल्यापाशी पोचले आणि माझा हात आधी त्याच्या गुडघ्यावर गेला. डोक्यावर नाही, रक्त येत होतं त्या हनुवटीवरही नाही. बनवलेल्या गुडघ्यावर. चाचपून बघितला, तर तो ठणठणीत होता. मग मी मुलाचं डोकं मांडीवर घेतलं. साचेवाल्याने कापूस आणला आणि हनुवटीवर दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसिद्धीवाला माझ्या टेबलापाशी येऊन बसला. शर्टाला इस्त्री नव्हती. म्हणाला, ताई, कारखान्याने एवढंच सांगायचं की गुडघ्यात तांत्रिक दोष होता. यंत्र आहे, दोष येऊ शकतो. कुणावर ठपका नाही.

"दोष नाहीये."

"नसेल. पण दोष नाही म्हटलं तर मग तुमचा मुलगा मुद्दाम पडला असं होतं. सैनिकाने देशाच्या नेत्याविरुद्ध नाटक केलं. त्याचं काय होतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

"तिसरं काही झालंच नाही का? तू तर कॅमेऱ्याच्या मागे उभा होतास!"

तो म्हणाला, "ताई, तिसरं काही मला म्हणता येत नाही." मग उठून गेला. खरं सांगते, मला त्याची कीव आली, आणि त्यामुळे आणखी चीड आली.

पण मतदान पुढे ढकलावं लागलं. चुळबुळणाऱ्यांना निमित्त मिळालं आणि संसदेने चौकशी समिती बसवली. एका पडण्याची चौकशी! टेकडीवर एवढी पोरं पडली तेव्हा कुणाला समिती सुचली नव्हती. मला बोलावणं आलं. मी गुडघा पिशवीत घालून घेऊन गेले. एका सदस्याने विचारलं, हा परदेशी बनावटीचा आहे का? दुसऱ्याने विचारलं, याला तेल किती दिवसांनी घालतात? मी उत्तरं देत बसले. अर्धा वेळ तेलातच गेला. शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुमचा मुलगा मुद्दाम पडला का?"

मी गुडघा परत पिशवीत घालायला लागले. कारण मला वाटत होतं की हो, तो मुद्दामच पडला. आधीच्या आठवड्यात तोच उतार तो माझ्या हाताला जेमतेम बोटं टेकवून उतरला होता. मी ही गोष्ट कुणाजवळ बोलले नव्हते. मनातून मला पोराचा अभिमान वाटत होता, इतका की बाजारात मी मान वर करून चालत होते. सगळ्या देशाला दोनदा फसवणाऱ्याला माझ्या मुलाने एकदा फसवलं, तेही जमिनीवर पडून.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे लोक घाबरून पडतात, चिडून पडतात, कधीकधी आईला रडवायला मुद्दामही पडतात. म्हणून तर समोर धरणारा ठेवतो."

मग पंतप्रधानांची पाळी आली. आम्हाला बाहेर बसवलं होतं, तिथे भिंतीवर टीव्ही होता. त्यांच्याच पक्षाचे लोक त्यांच्याभोवती होते, एकजण कानात काहीतरी सांगत होता. एवढंच म्हणायचं होतं की हात सुटला, चूक झाली. एका शब्दात मिटलं असतं. लोक विसरायला टपलेलेच असतात. मतदान झालं असतं, आणि धाकटा गेला असता.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्ही त्याचा हात सोडला का?"

"मी काहीही सोडलेलं नाही," पंतप्रधान म्हणाले.

अध्यक्षबाईंनी चित्रफीत लावली. हात सुटताना दिसला, बोट वर जाताना दिसलं, थोरला पडताना दिसला.

"आता?"

"मी काहीही सोडलेलं नाही. तो पाय सदोष होता, त्या जवानाची मनःस्थिती सदोष होती, आणि ही चित्रफीत अपुरी आहे." आणि बोट वर. तिथेही! मी माझ्या खुर्चीत कपाळावर हात मारून घेतला. शेजारी बसलेल्या शिपायानेही मारून घेतला. कानात सांगणारा माणूस हळूच दोन खुर्च्या लांब जाऊन बसला, आणि मला कळलं की हे आता संपलं.

मतदानात मोहीम आपटली, आणि तिच्याबरोबर त्यांचं पदही गेलं. जाताना त्यांनी भाषण केलं म्हणे. इतिहास, वगैरे. मी बघितलं नाही.

धाकटा संध्याकाळच्या गाडीने घरी आला. दारात बूट काढले, सामान भिंतीला लावलं, आणि "आई, चहा" म्हणाला, शाळेतून आल्यासारखा. मी चहा टाकला. साखर ओट्यावर सांडली. दोघं भाऊ टेबलाशी बसले. थोरल्याच्या हनुवटीला टाके होते, त्यामुळे हसताना त्याचं तोंड वाकडं होत होतं. किती दिवसांनी घरात दोघा भावांचे कप एकत्र भरले होते. मला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी उगाच ओटा पुसत होते.

"दादा," धाकटा म्हणाला, "छावणीत सगळे तुझं नाव काढतायत. काय डोकं चालवलं पठ्ठ्याने, म्हणतात. मला तरी खरं सांग. मुद्दामच पडलास ना?"

मी कान टवकारले.

"नाही," थोरला म्हणाला.

"अरे, आता इथे कोण ऐकतंय? आईच आहे."

"नाही रे. ओळीत उभं राहून राहून मांडी भरून आली होती. उतार लागला आणि मी सगळं वजन त्याच्यावर टाकलं."

"त्याच्यावर? तो कोण आहे हे ठाऊक असून?"

थोरला कपात बघत बसला. आमच्याकडे चालणाऱ्यांना आम्ही बघू देत नाही तसा, खाली.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "टेकडीवर जाऊन आलोय. पाणी आणायला कोण कोण गेलं तेही ठाऊक होतं. तुला नेणार होता, तेही. सगळं ठाऊक होतं. पण त्याने हात धरले होते ना. आईने सांगितल्यासारखे, कोपराखाली. मला वाटलं, हातात धरलंय तर धरून ठेवेल."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. इतके दिवस मी ज्याचा अभिमान मिरवत होते ते झालंच नव्हतं. माझ्या पोराने कुणाला फसवलं नव्हतं. तोच परत एकदा फसला होता.

"गाढवा!" मी ओरडले. "एवढं सगळं होऊनही?"

"एवढं सगळं होऊनही," तो म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू चूक त्याचीच होती.